मंगळाची अडनिडी हवा

नमस्कार, श्रोतेहो. पाचगणीच्या पठारावरून पॅराग्लायडर उडताना पाहिलेत ना? कापड नुसतं निमित्त, माणूस पेलते ती हवा. आता पॅराशूट मंगळावर नेऊ. तिथं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्केच, पण हवा इतकी विरळ की तेवढंच वजन चार-पाच पट वेगानं खाली येईल. आपल्याकडं समुद्रसपाटीला दाब १०१३ मिलिबार, मंगळावर सहाच्या आसपास.

बरं, हवा अजिबात नसती तरी परवडलं असतं. चंद्रावर चांद्रयान-३ सगळा वेग इंजिनांनीच मारत उतरलं, उष्णता अडवणारी ढाल लागली नाही. मंगळाची हवा यान जाळायला पुरते, थांबवायला पुरत नाही.

१८ फेब्रुवारी २०२१ ला नासाचं पर्सिव्हिअरन्स यान, पोटात मंगळावर फिरणारी गाडी घेऊन, ताशी साडेएकोणीस हजार किलोमीटरनं त्या हवेत शिरलं. यान हवेला घासून तापतं असं सर्रास म्हणतात, पण मुख्य कारण वेगळं आहे. समोरच्या हवेला बाजूला सरायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाते आणि तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, तसंच. ढाल १३०० अंशांपर्यंत तापली, पण बहुतेक वेग तिनंच खाल्ला. मग साधारण ११ किलोमीटर उंचीवर साडेएकवीस मीटर व्यासाचं पॅराशूट उघडलं. तेही यानाला ताशी ३२० च्या आसपासच आणू शकलं. उरलेला वेग रॉकेटांनी मारला आणि शेवटी गाडी नायलॉनच्या दोरांनी अलगद खाली सोडली.

यात हिशेब चुकला तर? २०१६ साली युरोपच्या शियापरेलीचं पॅराशूट व्यवस्थित उघडलं, पण यान जोरात हेलकावलं. फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण आपल्या मर्यादेला जाऊन अडकलं, त्यावरून संगणकानं उंची काढली ती जमिनीच्याही खाली! त्यानं पॅराशूट सोडून दिलं, रॉकेटं जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली. यान तेव्हा ३.७ किलोमीटर वर होतं.

शुक्रावर उलटी गंमत. १९७० मध्ये सोव्हिएत यान व्हेनेरा-७ चं पॅराशूट फसलं, तरी तिथल्या दाट हवेनं यान सावरलं आणि पृष्ठभागावरून संदेश आले.

म्हणून मंगळावर जागा निवडताना महाबळेश्वर नको, कराडसारखी सखल जमीन बघतात. जितकं खाली, तितकी वेग मारायला जास्त हवा मिळते. महिनाही बघावा लागतो, कारण ध्रुवावर थंडी पडली की तिथला कार्बन डायऑक्साइड गोठतो आणि साऱ्या ग्रहाची हवा आणखी पातळ होते.