साडेसत्तावीस दिवसांची उसंत

(दृश्य: काळोखात दोन बोटं. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे.)

ही बोटं थेरपिस्टची आहेत. समोरच्या व्यक्तीनं मान न हलवता नजरेनं त्यांच्या मागे जायचं, आणि त्याच वेळी मनात एक प्रसंग धरून ठेवायचा. वर्षानुवर्षं टाळत आलेला, तोच. अर्ध्या मिनिटानं बोटं थांबतात. "आता काय येतंय मनात?" जे आलं ते सांगायचं. मग पुन्हा बोटं.

या उपचाराला ईएमडीआर म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो १९८७ साली बागेत फिरत असताना त्यांना जाणवलं, की मनात नकोसे विचार आले की आपले डोळे भराभर फिरतात आणि त्या विचारांची धार कमी होते. १९८९ मध्ये त्यांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. शंका घेणारे पुष्कळ होते. पण २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आघातानंतरच्या ताणविकारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, या उपचाराची शिफारस केली. डोळेच का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मला पटतं ते असं: आठवण धरून ठेवायची आणि बोटांचा माग काढायचा, ही दोन कामं मनाला एकदम झेपत नाहीत. त्या ओढाताणीत आठवण फिकी पडते.

पण आठवण मनात आणताच येत नसेल तर? काहींचं अंग थरथरायला लागतं. काही जण एकदम सुन्न होतात, खोलीत असून नसल्यासारखे. त्यांना "प्रयत्न करा" म्हणणं क्रूरपणाचं आहे.

(दृश्य: सलाइनच्या नळीतून पडणारा थेंब.)

अशांसाठी काही जण केटामाइन या औषधाची मदत घेऊ पाहतात. ते १९६२ साली अमेरिकेत तयार झालं. १९७० मध्ये भुलीचं औषध म्हणून त्याला तिथं मान्यता मिळाली आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांवर ते वापरलं गेलं. भुलीपेक्षा पुष्कळ कमी मात्रेत ते मनावर वेगळाच परिणाम करतं. मेंदूतल्या ग्लुटामेट या रसायनाच्या कामात ते हस्तक्षेप करतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानंतर चेतापेशींमध्ये नव्या जोडण्या होताना दिसल्या आहेत.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पीटीएसडीचे ३० रुग्ण होते. दोन आठवड्यांत सहा वेळा शिरेतून औषध दिलं. केटामाइन मिळालेल्यांपैकी ६७ टक्के लोकांना ठळक आराम पडला. तुलनेसाठी दुसरं गुंगीचं औषध मिळालेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. मात्र आराम पडलेल्यांपैकी निम्म्या लोकांचा गुण साधारण साडेसत्तावीस दिवसांत ओसरला.

माझं लक्ष या दिवसांवरच खिळलं. भीती थोडी मागे सरली आहे, झोप लागते आहे. जी आठवण जवळ येऊ देत नव्हती, तिच्याकडे आता बघता येईल. ईएमडीआरची बैठक इथंच घ्यावी, असं दोन्ही उपचार जोडू पाहणारे म्हणतात. औषधाचा अंमल पूर्ण उतरल्यावर, एक-दोन दिवसांत. गुंगी असताना माणूस स्वतःच्या शरीरापासूनच दूर गेलेला असतो, आणि ईएमडीआरला तर एक पाय आठवणीत आणि एक पाय या खोलीत घट्ट रोवलेला लागतो.

ही जोडी आशादायक आहे, सिद्ध झालेली नाही. २०२२ मध्ये सैनिक आणि माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत एकट्या केटामाइनचा पीटीएसडीवर अपेक्षित परिणाम दिसला नाही. औषध देताना रक्तदाब वाढतो, म्हणून नजर ठेवावी लागते. दीर्घकाळ, वारंवार घेतल्यानं मूत्राशयाला इजा होते, व्यसनही लागू शकतं. घरी एकट्यानं घेण्याचं हे औषध नाहीच.

(दृश्य: वर उचललेला तळहात.)

ईएमडीआरमध्ये आठवणीला हात घालण्याआधी एक खूण ठरवतात. तळहात वर केला की बोटं लगेच थांबतात. केटामाइनच्या दिवशी मात्र हात उचलण्याचं भानही नसू शकतं. म्हणून जवळ कोण बसेल, हात धरलेला चालेल का, घाबरल्यासारखं वाटलं तर कोणत्या शब्दांनी हाक मारायची, हे सगळं औषध सुरू होण्याआधी, पूर्ण शुद्धीत, बोलून घ्यायचं असतं.