चढ तोच, दम वेगळा

(वर्धा जिल्ह्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सायकलवाल्याला थकवा आला की आपल्याकडे दोनच उपाय निघतात. शेजारी म्हणतो, "सोडा आता सायकल, गाडी घ्या." आणि दवाखान्यात पेशंट स्वतःच म्हणतो, "मॅडम, लय अशक्तपणा वाटते जी, एक सलाईन लावून द्या." या सलाईनचा हिशेब आधी उरकून टाकू. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये ४.५ ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ५ टक्के ग्लुकोजची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. स्टँडवरच्या दोन-तीन गोड चहांत तेवढी साखर पोटात जाते. जुलाब-उलट्या झाल्यात, तोंडाने काही टिकत नाही, तिथे सलाईन जीव वाचवते. पण महिनाभर सायकलवर दम लागतोय, त्याला तिचा फायदा एवढाच की तासभर पंख्याखाली पडून राहायला मिळतं. घरी कोण पडू देतं?

माझं म्हणणं वेगळं आहे. रोज सायकल चालवणाऱ्याला आपलं दुखणं इतरांच्या आधी कळू शकतं. मोटरसायकलवाल्याचं रक्त कमी झालं तर गाडीच्या वेगात काही फरक पडत नाही. तुमचा मात्र रस्ता तोच, पुलाचा चढ तोच, निघायची वेळ तीच. दिवाळीत जो चढ गप्पा मारत चढत होता, तिथे संक्रांतीला उतरून सायकल ढकलावी लागत असेल, तर काहीतरी बिनसलंय. आणि "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. वय तीन महिन्यांत होत नाही.

तपासणी सायकलपासून सुरू करा, ती फुकट आहे. मागचं चाक उचलून हाताने फिरवा. ब्रेकचे गुटके रिमला घासतात का, छर्रे करकरतात का, चैन कोरडी पडली का, टायरात हवा किती, एवढं पाहा. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा मडगार्डमध्ये बसतो तेव्हा तर चाक फिरतच नाही, ते तुम्हाला मी काय सांगणार. सीटकडे मात्र कोणी पाहत नाही. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. शाळेतल्या मुलींच्या सायकलींची सीट खाली ठोकलेली असते, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. मग मांड्या भरून येतात आणि मुलगी नाजूक ठरते.

सायकल ठीक, पंधरा दिवस झोप पुरी घेतली, फेऱ्या कमी केल्या, तरी थकवा तिथेच. मग रक्त तपासायचं. नववीतल्या एका मुलीला तिची आई घेऊन आली होती. सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेली सायकल, शाळा चार-पाच किलोमीटर. आईची तक्रार: "पोट्टी आळशी झाली मॅडम. मैत्रिणी पुढं निघून जाते, हे मागंच राहाते." मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आतली कड लाल दिसायला हवी, ती पिठासारखी पांढरी. बसल्या जागी नाडी शंभरच्या वर. सकाळी काय खातेस? "चहा-टोस्ट." पाळी किती दिवस? आईकडे बघून म्हणाली, "आठ." (समोरच्या रांगेतल्या काकांनी मान खाली घालू नका, तुमच्याही घरात नाती आहेत.) मग मी विचारलं, खडू, माती, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का? तिने दप्तराचा पुढचा कप्पा उघडून दाखवला. पाटीवरच्या पेन्सिलचे तुकडे होते, अर्धे चावलेले. शरीरातलं लोह संपलं की अशी इच्छा होते, हे ठाऊक असलं की निम्मं निदान कप्प्यातच मिळतं.

तिचं हिमोग्लोबिन ८ च्या आत निघालं. तिच्या वयाच्या मुलीला आणि बाईला १२ तरी हवं, पुरुषाला १३. रक्तातला प्राणवायू वाहणारं हेच, ते एक तृतीयांशाने कमी झालं तर हृदय जास्त वेळा धडधडून भरपाई करतं. सपाट रस्त्यावर ते जमतं, चढावर नाही. अशा मुलीला "जोर लाव" म्हणून काय उपयोग?

लोहाच्या गोळ्यांची गोष्ट अशी की त्या आठ दिवसांत गुण दाखवत नाहीत, शौच काळी होते, पोट गच्च होतं, आणि लोक सोडून देतात. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. आणि आकडा भरल्यावरही पुढे तीनेक महिने गोळी चालू ठेवावी लागते, साठा भरायला. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी आजार होऊ नये म्हणून आहे, आठच्या आत गेलेल्या मुलीला ती पुरत नाही. आणि जेवणावर चहा नको. चहा लोह शोषू देत नाही, तासभर थांबा. उलट भाजीवर लिंबू पिळलं की भाजीतलं लोह जास्त लागू पडतं. अंबाडीची भाजी मुळातच आंबट, ती भाकरीसोबत खायची अक्कल आपल्या आज्यांना होतीच.

पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी आलं तर मी नुसती गोळी देऊन सोडत नाही. त्याला पाळी येत नाही, मग रक्त गेलं कुठे? मूळव्याध असते, नाहीतर अंगदुखीच्या गोळ्या खाऊन पोटात अल्सर झालेला असतो. माळकऱ्यांच्यात, आणि शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत, बी-१२ कमी निघतं. पायाला मुंग्या येतात, थकवा येतो.

आता विदर्भात राहून जी गोष्ट टाळता येत नाही ती. सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरपासून इकडे आपल्यापर्यंत अनेक समाजांत हा आहे. दोन्ही पालकांकडून जनुक आला तर आजार: सांधे-हाडं ठणकतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी राहतं. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती करून घ्या, कारण सिकलसेलच्या रुग्णाने लोह कमी असल्याची खात्री न करता लोहाच्या गोळ्या खाऊ नयेत. वारंवार रक्त चढवलेल्याच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असतं. वाहकाचं रक्त मात्र सहसा कमी नसतं. तेव्हा "मी वाहक आहे म्हणून थकतो" असं ठरवून बसू नका, दुसरं कारण शोधा. वाहकाने एकच पथ्य पाळावं: मे महिन्याच्या उन्हात, पाण्याशिवाय, जिवाच्या आकांताने सायकल मारायची नाही. त्यात स्नायू फुटून जीव गेल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

झोपेबद्दल शहरातले डॉक्टर सांगतात, रात्री दहाला झोपा. पण ज्या शेतकऱ्याच्या पंपाची थ्री फेज लाईन रात्री येते, त्याने हरभऱ्याचं ओलित रात्री करायचं, सकाळी सायकलवर दुधाचे कॅन. याला मी कोणत्या तोंडाने सांगू? एवढंच म्हणते, ज्या आठवड्यात रात्रीची पाळी आहे त्या आठवड्यात दुपारी तास-दीड तास झोपा, आणि त्यावेळच्या थकव्याला आजार समजू नका. फवारणीचं मात्र वेगळं. कपाशीवर फवारून आल्यावर डोकं जड, मळमळ, हातपाय गळाल्यासारखे, डोळ्यांना अंधुक, तर तो थकवा नाही, विषबाधा आहे. यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते आपण पाहिलं. त्या दिवशी सायकल तिथेच ठेवा, आंघोळ करून कपडे बदला आणि कोणाच्या तरी गाडीवर दवाखाना गाठा.

मागे बसलेल्या तरुण मुलांसाठी थोडं. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडेही पोरं दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकल फेरीला, उतरतात. साडेतेरा तासांची मुदत, चांगलं आहे. पण आठवडाभर सत्याग्रही घाटात जोर काढून, वर वजन कमी करायला रात्रीचं जेवण बंद करणारे मी पाहते. जोरात चालवलं तर अंगातली साठवलेली साखर दीड-दोन तासांत संपत येते. पुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. एक मोठं केळं आणि गुळाचा खडा इतकं. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजत जा. नेहमीपेक्षा आठ-दहाने वर राहतेय, झोप मोडते, घरच्यांवर उगाच चिडचिड होते, तर दहा-पंधरा दिवस हळू चालवा, पोटभर खा. डेंग्यू-चिकनगुनिया होऊन गेल्यावरही असंच, बोलता येईल इतक्याच वेगाने. ताप उतरला म्हणजे ताकद आली असं होत नाही.

काही थकवे मात्र थांबून बघायचे नसतात. दोन आठवड्यांवर खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप असेल तर थुंकी तपासा. तहान आणि लघवी वाढली असेल तर शुगर. ब्लडप्रेशरची नवी गोळी सुरू झाल्यापासून पाय उचलत नसतील तर गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरला सांगा. काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. आणि चढावर छातीत भरून येतं, थांबलं की जातं, हे ज्याला होतंय त्याने उद्याची वाट पाहू नये. आमचे एक दूधवाले काका, पन्नाशी उलटलेले, रेल्वेच्या पुलावर असंच थांबायचे. मला म्हणाले, "गॅस असंन." कार्डिओग्राम काढला आणि सायकल दवाखान्यातच ठेवून त्यांना वर्ध्याला पाठवलं. आता रतीब मुलगा घालतो. काका सकाळी रिकाम्या सायकलवर हळूहळू त्याच्या मागे फिरतात, आणि कोणाकडे दूध उशिरा पोचलं याची यादी त्याला रोज वाचून दाखवतात.