मुका 'के' आणि न उगवलेलं 'बी'

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पाचवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर 'नाइफ' लिहिलं. के, एन, आय, एफ, ई. मागच्या बाकावरचा पोट्टा उभा राहिला. "सर, तो के बोलतच नाही, तं त्याले पयल्या नंबरात काहून बसवलं?" मी म्हटलं, तो मुका आहे, बस खाली.

माझं उत्तर कच्चं होतं. तो के जन्माचा मुका नाही. जुने इंग्रज त्याचा चांगला खणखणीत उच्चार करत. 1476 मध्ये कॅक्स्टन नावाच्या मुद्रकानं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, त्यानंतर स्पेलिंग हळूहळू खिळ्यांत अडकत गेलं. जीभ मात्र कोणासाठी थांबली नाही.

हे दुरुस्त करायला माणसं कमी झटली नाहीत. अमेरिकेत शब्दकोशकार वेब्स्टरनं 'कलर'मधला यू उडवला, तो लोकांनी उडू दिला. पण त्यानं 'टंग' म्हणजे जीभ हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहिला, तो कोणी घेतला नाही. 1906 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं 300 शब्दांची सोपी स्पेलिंगं सरकारी छापखान्याला लावली. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, काँग्रेस म्हणजे तिथली संसद अडून बसली, आदेश मागे. 1949 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सुधारणेचं विधेयक 84 विरुद्ध 87 असं पडलं. तीन मतं! आपल्या ग्रामपंचायतीत तीन मतांनी पडलेला माणूस पुढची पाच वर्षं तेच सांगत फिरतो.

मला यात खरी अडचण वेगळीच दिसते. उच्चाराप्रमाणे लिहायचं, कबूल. पण उच्चार कोणाचा? 'कार'मधला आर स्कॉटलंडचा माणूस घोळवून म्हणतो, लंडनवाला गिळतो. आपलंच पाहा ना. आपण घरी 'डोया' म्हणतो, 'काया' म्हणतो, केळीला 'केयी'. पुण्याचा माणूस 'डोळा' म्हणतो. बोलतो तसं लिहायचं ठरलं, तर एका मराठीची दोन पुस्तकं छापावी लागतील. आणि 'या जगात जगायचं' हे म्हणून पाहा. ज एकच, आवाज दोन. लिहिण्यात फरक आहे का? नाही. तरी आपलं कुठं अडतं?

मराठीनं सुधारणा केली नाही असं नाही. माझ्या आजोबांच्या पत्रांत 'नांव', 'कांहीं' असे टिंबांचे सडे पडलेले असत. 1962 मध्ये साहित्य महामंडळानं नियम केले, उच्चारात नसलेली टिंबं गेली. कोणी रडलं नाही, म्हणजे थोडे रडले. इंग्रजीला असं महामंडळच नाही; हुकूम सोडणार कोण?

म्हणून मी सुधारणेची वाट पाहणं सोडलं आणि पोरांना अक्षरांच्या गोष्टी सांगायला लागलो. 'डेट' म्हणजे कर्ज. डी-ई-बी-टी. यातला बी आधी नव्हताच. फ्रेंचांकडून शब्द आला तो बीविना. पुढे पंडितांना लॅटिनमधला 'डेबिटम' आठवला आणि त्यांनी मधात बी टोचला. उच्चारात तो कधी उतरला नाही.

दुबार पेरणीचं साल होतं. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे सर, कर्ज काढून बी टाकलं, अन् उगवलंच नाही."