सोनोग्राफीतले दाणे आणि पित्ताशयातला खडा

श्रोतेहो, नमस्कार. सोनोग्राफीच्या चित्रावर दिसणाऱ्या दाणेदारपणाला स्पेकल म्हणतात. तो यंत्राचा बिघाड नव्हे. अवयवातील अतिसूक्ष्म कणांवरून परतणारे असंख्य प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. रामकुंडात मूठभर खडे टाकल्यावर तरंग कुठे एकमेकांना उचलतात आणि कुठे पुसून टाकतात, तसेच हे घडते. उचलले तेथे पांढरा ठिपका, पुसले तेथे काळा. म्हणूनच प्रोब (अंगावर टेकवून ध्वनिलहरी सोडणारे उपकरण) आणि रुग्ण स्थिर असतील, तर तेच दाणे त्याच जागी पुन्हा उमटतात. पुन्हा सांगतो, त्याच जागी उमटतात. त्यामुळे एकाच कोनातून घेतलेल्या चित्रांची सरासरी काढून उपयोग नाही. वेगवेगळ्या कोनांतून परस्परांशी संबंध नसलेली ९ चित्रे मिळाली, तर दाण्यांमुळे होणारा उजेडाचा हा चढउतार, सरासरी काढल्यावर, एक तृतीयांशावर येतो.

दाणे कमी करण्याचा दुसरा मार्ग संगणकीय फिल्टरचा, आणि त्याची एक हकिकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. नाशिकमधील माझ्या परिचयाच्या एका रेडिओलॉजिस्टांकडे अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी प्रकल्पासाठी येत असे. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार उपाशीपोटी तपासणीस आले असता त्याने त्यांच्या चित्रावर मोठ्या चौकटीचा मीडियन फिल्टर चालवला; म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या जागी भोवतालच्या चौकटीतील सर्व ठिपक्यांच्या उजेडाची मधली किंमत ठेवली. चित्र इतके नितळ झाले की बागायतदार म्हणाले, "साहेब, आम्हाला हाच फोटो द्या." (रिपोर्टची किंमत त्याच्या चकचकीतपणावरून ठरवण्याची आपली सवय मला मुळीच आवडत नाही.) डॉक्टरांनी मात्र पडद्याकडे पाहून विचारले, "अरे, खडा कुठे गेला?" मूळ चित्रात पित्ताशयाच्या तळाशी एक बारीक पांढरा खडा होता, पण चौकटीच्या निम्म्याहून कमी जागा व्यापणारा ठिपका हा फिल्टर टिकू देत नाही. वक्र प्रोबमुळे खाली रुंदावत जाणारी त्या खड्याची काळी सावली तेवढी शिल्लक होती. सावली आहे आणि सावली पाडणारा बेपत्ता! डॉक्टरांनी बागायतदारांना डाव्या कुशीवर वळवून पुन्हा प्रोब ठेवला, तेव्हा खडा घरंगळताना स्वच्छ दिसला.

पुढे त्या विद्यार्थ्याने संशोधक जाँग-सेन ली यांनी १९८० मध्ये मांडलेली पद्धत घेतली. ती प्रत्येक ठिकाणचा चढउतार मोजते, सपाट भागात सरासरी काढते आणि जेथे कडा असते तेथे मूळ ठिपका जवळपास तसाच ठेवते. तरीही डॉक्टर मूळ चित्र शेजारी उघडे ठेवतातच, कारण यकृताचा पोत ते याच दाण्यांवरून ओळखतात.