कपड्याची पाठ

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे ‘फोटोशूटसाठी रंगांची निवड’. त्याकडे येतेच. पण आधी मला कपड्याच्या पाठीबद्दल बोलू द्या. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि पुष्कळदा शूट तिथेच बिघडतं. तुमच्या पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीकडे जरा बघा. खांद्यांच्या खाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना जिथे कापड सैल पडलंय, तिथे स्टायलिस्टचा चिमटा बसतो. हात लावू नका, नुसतं बघा!

मासिकात जॅकेट मॉडेलच्या अंगावर बेतून शिवल्यासारखं दिसतं. तसं ते क्वचितच असतं. शूटला येणारे नमुन्याचे कपडे बहुधा एकाच मापाचे असतात, आणि माणसं काही एका मापाची नसतात. मोठा कपडा आवळता येतो, लहान झालेला ऐन वेळी वाढवता येत नाही. म्हणून दोन मापांत शंका आली की मोठं मागवावं आणि मागून चिमट्यांनी बसवावं.

इथे घाई नडते. कमरेवर एकच मोठा चिमटा खचकन लावला, की पुढे पोटावर आडव्या ओढी उमटतात. आरशात त्या जाणवत नाहीत. बाजूने दिवा लागला की प्रत्येक ओढीला सावली मिळते आणि फोटोत आधी त्याच दिसतात. त्यापेक्षा आधी खांद्याच्या शिवणी जागेवर आणा. मग मणक्याच्या रेषेवर वरून खाली एकच उभी चूण धरा आणि तिच्यावर चार-चार बोटांच्या अंतराने तीन-चार लहान चिमटे लावा, सगळ्यांवर ताण सारखा. आता बगलेखालची शिवण बघा. ती सरळ खाली यायला हवी. मागे ओढली गेली असेल तर तुम्ही जास्त आवळलंय. एक चिमटा सैल करा.

रेशमावर चिमट्याचे दात उमटतात, चामड्यावर तर कायमचे. मध्ये फेल्टचा तुकडा घाला. चामड्याला टाचणी कधीच नको, ते भोक बुजत नाही. आणि मॉडेल वळणार आहे का, बसणार आहे का, हे फोटोग्राफरला आधी विचारा. वळणार असेल तर चिमटे काढून आतून कच्चा टाका घालावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून हा प्रश्न सकाळीच विचारायचा.

आता वाफ. ‘सुरकुत्या नंतर कॉम्प्युटरवर काढू’ हे वाक्य ऐकलं की मला मनापासून राग येतो. साध्या कापडावरची सुरकुती पुसता येते, मान्य. पण चौकडीच्या शर्टावरची पुसायची म्हणजे तिथली प्रत्येक रेघ पुन्हा जुळवायची, तीही निवडलेल्या प्रत्येक फोटोत! स्टीमरचं दोन मिनिटांचं काम रिटचिंग करणाऱ्याच्या गळ्यात रात्रभरासाठी पडतं.

सुती आणि लिननला इस्त्रीचा दाब लागतो, नुसत्या वाफेने भागत नाही. शिफॉन, लोकर यांना वाफ, तीही आतल्या बाजूने. मखमलीवर पुढून इस्त्री टेकली की लव चेपते आणि तेवढीच जागा चकाकते. तिला उलट बाजूनेच वाफ द्या. स्टीमरमध्ये डिस्टिल्ड पाणी घाला. साध्या पाण्यातले क्षार आत साठतात आणि थेंबाबरोबर कपड्यावर येतात. सुरुवातीचे थेंबही कपड्यापासून लांब पडू द्या, रेशमावर पाण्याचासुद्धा डाग राहतो.

आणि वाफ दिलेला कपडा निदान दहा मिनिटं टांगून ठेवा. गरम, ओलसर धागा ज्या स्थितीत थंड होतो तीच धरून बसतो. लगेच अंगात घातला की कोपरातल्या मोडी पक्क्या झाल्याच म्हणून समजा. पँट तर अगदी शेवटी घालायला द्या आणि मग मॉडेलला बसू देऊ नका.

घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं उरलीत, तेव्हा रंग भराभर सांगते.

पुष्कळशा पांढऱ्या शर्टांत चकाकी आणणारी रसायनं असतात. फ्लॅशमधल्या अतिनील किरणांनी ती निळसर उजळतात, म्हणून सोबत एक मोतिया शर्ट ठेवा. काही काळं कृत्रिम कापड डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं आणि फोटोत तांबूस दिसतं. काळा कोट आणि काळी पँट एकत्र टांगून एक चाचणी फोटो घ्याच. एका दिव्यात जुळलेले दोन रंग दुसऱ्या दिव्यात फटकून वागतात. जुळणी करायची ती शूटच्याच प्रकाशात. भडक हिरवा किंवा लाल कपडा हनुवटीखाली आपली छटा टाकतो. बारीक चौकडी कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या जाळीशी भांडते आणि कापडावर लाटा उमटतात. त्या तपासताना फोटो पडद्यावर 100 टक्के, म्हणजे मूळ आकारात बघा, कारण लहान करून बघताना नसलेल्या लाटाही दिसतात. खऱ्या असतील तर कॅमेरा थोडा पुढेमागे करा, नाहीतर सरळ शर्ट बदला.

एक चिठ्ठी आलीय, ‘परत द्यायच्या बुटांचे तळ कसे जपायचे?’ बूट पायात घालण्याआधी तळाला मास्किंग टेप लावा, कडेने पात्याने कापा म्हणजे बाजूने दिसणार नाही. काढताना टाचेकडून हळू सोलायची आणि त्याच दिवशी काढायची. राहिली तर डिंक तळाला धरतो.