पंचवीस बारगिरांची पागा

गिरगावातील एका चाळीत, रात्रीची जेवणे आटोपली की टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरले जाते आणि त्यावर घोडेस्वार मांडले जातात. उभ्या माणसाची उंची सुमारे २८ मिलिमीटर धरून ओतलेल्या या धातूच्या मूर्ती बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ गेल्या दिवाळीपासून रोज तासभर रंगवीत आहेत. किल्ल्यावरचे मातीचे मावळे रंगवण्याची बालपणीची सवय त्यांना येथवर घेऊन आली.

पागेचा, म्हणजे शिवकालीन सरकारी घोडदळाच्या तुकडीचा, आराखडा त्यांनी सभासदाच्या बखरीतून घेतला आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (कातडी पखालीतून पाणी वाहणारा) व एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा). बारगिराला घोडा सरकारातून मिळत असे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई.

युरोपीय रिसाला रंगवणे त्या मानाने सोपे, कारण गणवेश सारखाच असल्याने एकदा रंग कालवला की सगळे कोट एका बैठकीत उरकतात. येथे तशी सोय नाही. पागोटी निरनिराळी, शेले निरनिराळे, आणि अंगरखे पांढरे असले तरी कोणाचा नवा, कोणाचा धुऊन पिवळट झालेला. म्हणून आधी मातकट करडा हात देऊन, शुभ्र पांढरा केवळ चुण्यांच्या उंचवट्यांवर, शून्य क्रमांकाच्या कुंचल्याने लावावा लागतो.

खरा वेळ जातो तो घोड्यांवर. कुमेद घोडा म्हणजे नुसता तपकिरी घोडा, असा त्यांचाही पूर्वी समज होता. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कठड्याशी उभे राहून पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की त्याची आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे असतात, तर पोटाकडे रंग फिका होत जातो. त्यानंतर आधी रंगवलेले सहा घोडे त्यांनी पुन्हा हातात घेतले. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा हवालदाराला दिला आहे. हा पक्षपात ते हसून मान्य करतात.

जुलैत काम जवळजवळ थांबते. मुंबईच्या दमट हवेत फवाऱ्याने दिलेला अस्तराचा रंग पिठासारखा खरखरीत बसतो आणि चेहऱ्याचे बारकावे बुजतात, म्हणून अस्तराचे सगळे काम पाऊस सुरू होण्यापूर्वीच उरकून ठेवावे लागते.

नालबंद तयार आहे. पखालजीची मूर्ती मात्र विकत मिळाली नाही. एका पायदळ शिपायाचा भाला कापून, एपॉक्सी पुटीची पखाल त्याच्या पाठीवर बसवली आहे, आणि ती अजून वाळायची आहे.