पट्टीवर वजा दोनशे चौदा कोटी

लातूरची आडत, दिवाळीच्या तोंडावरचे दिवस, सोयाबीनची आवक एवढी की पाय ठेवायला जागा नाही. त्यातल्या एका दुकानात पट्टी करायचं सॉफ्टवेअर मी बनवलेलं, मुनीमकाकांकडं विंडोजवाला कॉम्प्युटर, काट्यावरच्या पोराकडं मोबाईल, आणि आतला हिशोबाचा सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेतला कोड दोन्हीकडं तोच.

काकांनी हाक मारली, "ओ भाऊ, हे काय दाखवायलंय बघा!"

स्क्रीनवर एका पोत्याचं सरासरी वजन: -2147483648 ग्रॅम. मोबाईलवर त्याच शेतकऱ्याच्या नावापुढं निवांत 0.

झालं असं की नाव टाकलेलं पण माल अजून टेम्पोतच, म्हणजे वजन 0, पोती 0. साध्या पूर्णांकात शून्याला शून्यानं भागलं असतं तर कॉम्प्युटरवर प्रोग्राम तिथंच पडला असता अन् मला कळलं तरी असतं, पण फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशाच्या आकड्यांत, काही पडत नाही, नॅन नावाचं भूत तयार होतं, म्हणजे 'नॉट अ नंबर', आणि ते गपगुमान पुढच्या हिशोबात शिरतं. इथपर्यंत दोन्ही मशीन एकमतानं चालतात, कारण दशांशाचा हिशोब मशीननं कसा करायचा ते ठरवणारं 1985 चं आयईईई 754 स्टँडर्ड. त्यात मोठा वाटा गणितज्ञ विल्यम कहान यांचा, संगणकशास्त्रातलं मानाचं ट्युरिंग अवॉर्ड 1989 साली त्यांनाच मिळालं.

फाटाफूट होते ती या नॅनचा पूर्णांक करताना. इंटेल-एएमडीची चिप 32 बिटात (पूर्णांकाला दिलेल्या जागेत) बसणारा सगळ्यात छोटा, म्हणजे तोच -2147483648, आकडा ठेवते, मोबाईलमधली एआरएम 0 ठेवते. आणि त्या जागेत न मावणारा 300 कोटी हा आकडा पूर्णांक करायला दिला तर? इंटेलवर परत तोच वजा आकडा, एआरएम 2147483647 वर थांबते. सी प्लस प्लसचा नियम म्हणतो, असं करणं म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर, काहीही होऊ शकतं. म्हणजे दोन्ही चिपा बरोबर, चुकलो मी एकटा.

मग आधी इजफायनाइट या फंक्शननं आकडा खरा आहे का, नॅन तर नाही ना, ते तपासायचं, आकडा हद्दीत आहे का बघायचं, अन् मगच पूर्णांक करायचा. तेही केलं तरी वजा आकडा येतच राहिला, अर्धा दिवस गेला, शेवटी सापडलं की मी फास्ट-मॅथ, म्हणजे हिशोब जलद करायची सेटिंग, चालू ठेवलेलं (आडतीच्या पट्टीला कसली घाई होती देव जाणे), त्यात कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) धरूनच चालतो की नॅन कधी येणारच नाही आणि तपासणीच उडवून टाकतो.

आता पोती 0 असली की भागाकारच होत नाही, तिथं "माल यायचाय" असं येतं. ते काकांनीच सुचवलं.